आत काय हाय?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्या मंगल कार्यालयाला लिफ्ट आहे, पण कार्य असलं की तिच्यात माणसांपेक्षा बासुंदीचे डबेच जास्त वेळ वर-खाली करतात. वादक मंडळी जिन्यानं. मार्चमधली दुपार होती, संध्याकाळी स्वागत समारंभात आमचा जुन्या गाण्यांचा कार्यक्रम. पाठीवर बेस गिटार, खांद्याला वायरींची पिशवी आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला ॲम्प्लिफायर, असा मी पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंत पोचलो आणि थांबलो. ठरवून नव्हे, गुडघ्यांनी परस्पर निर्णय घेतला. ॲम्प टेकवला आणि त्याच्यावरच बसलो. वरून केटररचा एक पोरगा रिकामी पातेली एकात एक घालून खाली येत होता. असेल अठरा-एकोणीसचा, कपाळावर घामानं चिकटलेले केस. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या बुडाखालच्या काळ्या पेटीकडे.

"काका, फ्रिज हाय का काय ओ?"

"नाही रे. ॲम्प्लिफायर. गिटारचा."

"आत काय हाय?"

"काही नाही. आतनं पोकळच असतो."

"रिकामं हाय?" त्यानं पातेली काखेत सावरली. "मग येवढं जड कशानं ओ?"

उत्तरासाठी तो थांबला नाही, त्याला खाली वीस पातेली अजून न्यायची होती. त्याच्या चपलांचा आवाज जिन्यात विरेपर्यंत मी तिथंच बसून होतो. उत्तर मला येत नव्हतं असं नाही. लोहचुंबक, ट्रान्सफॉर्मर, प्लायवूड, सगळं सांगता आलं असतं. पण त्या संध्याकाळी पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत बोटं आपली वाजवत राहिली आणि डोक्यात तो प्रश्न. तीस वर्षं मी एक पोकळ खोकं उचलून गावभर फिरतोय, आणि त्यात काय आहे हे मला कुणी इतकं सरळ कधी विचारलं नव्हतं.

ही पेटी १९९४ची. तेव्हा पेठेपेठेत ऑर्केस्ट्रा होते आणि गणपतीचे दहा दिवस एकेका वादकाला तीन-तीन मंडळांची आवतणं असायची. मी गिटार शिकून ऑर्केस्ट्रात गेलो, पण तिथं गिटारवाला आधीच होता, माझ्यापेक्षा बरा होता आणि त्याच्याकडं स्वतःची लुना होती. किबोर्डवाला डाव्या हातानं बेस वाजवून कंटाळला होता. तो म्हणाला, तू चार तारांचं घे, सोपं असतंय. बेसवाले बहुतेक असेच तयार होतात, हौसेनं कमी आणि जागा रिकामी म्हणून जास्त. घरी आजीनं विचारलं, "नेमकं काय वाजीवतोस रं तू?" मी म्हटलं, बेस. "बेस वाजीवतोस व्हय? मग झालं तर." माझ्या वादनाला मिळालेली ही पहिली आणि बराच काळ एकमेव दाद.

तयार ॲम्प घेण्याची ऐपत नव्हती, आणि कोल्हापुरात तो मिळतही नव्हता. मग तो बनवला. लक्ष्मीपुरीत रेडिओ दुरुस्त करणारे एक मास्तर होते, त्यांनी ३०५५ नंबरचे ट्रान्झिस्टर लावून सर्किट उभं केलं. ट्रान्सफॉर्मर उद्यमनगरातून वाइंडिंग करून आणला, तो हातात घेतला तेव्हा मनगट खाली गेलं. १५ इंची स्पीकर मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरनं, जुना. पेटी सुतारानं १९ एमएमच्या प्लायची केली. रेक्झिन रिक्षाचे हूड शिवणाऱ्याकडून लावून घेतलं. आमच्याकडे रिक्षा नवरीसारख्या सजवतात, त्यामुळं त्या माणसाला साधं काळं रेक्झिन लावणं कमीपणाचं वाटत होतं. त्यानं न विचारता कडेनं लाल पायपिंग मारलं, ते अजून आहे. कोपऱ्यांना पत्र्याच्या ट्रंकेचे कोपरे. आतून कापूस. पहिल्यांदा चालू केला तेव्हा नव्या डिंकाचा आणि तापलेल्या वार्निशचा वास दुकानभर पसरला. मी मोकळी ई तार छेडली आणि मास्तरांच्या टेबलावरच्या डबीतले स्क्रू थरथरायला लागले. मी म्हटलं, मास्तर, जड झालाय ओ. ते सोल्डरिंगची धूर सोडणारी काडी खाली ठेवून म्हणाले, "आवाजाला वजन पाहिजे, तर पेटीला वजन पाहिजे."

हे वाक्य मी इतकी वर्षं देवासमोरच्या दिव्यासारखं सांभाळलं. कमरेत उसण भरली की ते आठवायचं आणि बरं वाटायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलं, तेव्हा मी सगळ्यात आधी ॲम्प माळ्यावर चढवला. जिना अरुंद, लाईट गेलेली, मी एकटाच कण्हतोय. खालून बायको ओरडत होती, "आधी गहू! आधी गहू वर न्या!" गहू वाचले, पण ती गोष्ट आमच्या घरात अजून निघते, शक्यतो पाहुणे आले की.

आणि केशवराव, म्हणजे आमचं केशवराव भोसले नाट्यगृह. तिथं मी किती वेळा वाजवलं ते मोजलेलं नाही. विंगेजवळची एक ठरावीक जागा होती, तिथं पेटी ठेवली की खालचे सूर पायाखालच्या फळ्यांतून घोट्यात चढायचे. कानाला काही कळायच्या आधी पायाला कळायचं की आपण सुरात आहोत. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली तेव्हा निम्म्या गावासारखा मीही खासबागेच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. लोक रडत होते. माझ्या मनात त्या वेळी जे आलं ते सांगायला जरा लाज वाटते. मला छत आठवलं नाही, पडदा आठवला नाही, थोर माणसं आठवली नाहीत. ती विंगेजवळची फळी आठवली.

तर, जिन्यातल्या त्या दुपारनंतर आठवड्यानं डॉक्टरकडे गेलो. मणक्यात गॅप. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाला हे सांगतात असा माझा समज होता, पण फोटोत मलाही दिसला. दहा किलोच्या वर उचलायचं नाही. मी विचारलं, कधीतरी चालेल का, महिन्यातून दोनदा? डॉक्टर म्हणाले, मणका महिना मोजत नाही.

दहा किलो म्हणजे किती, हे कळायला आधी आपलं किती ते कळायला हवं. मित्राचं मार्केट यार्डात गुळाचं दुकान आहे. ॲम्प त्याच्या टेम्पोत घालून नेला. यार्डात तो आंबूस-गोड वास, पायाला चिकटणारी फरशी, माश्या. इलेक्ट्रॉनिक काट्यावर ३१ किलो ४०० ग्रॅम. बाजूला बसलेला एक वयस्क हमाल आकडा बघून म्हणाला, "एक रवा, आन् वर जरा." त्याच्या हिशेबी तीस किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, हे माप. मग त्यानं उठून माझी पेटी दोन्ही बाजूंनी चाचपली आणि हँडल बघून हसला. एवढं वजन पाठीवर घ्यायचं असतं, हातात लोंबकळवायचं नसतं, हे त्याला पन्नास वर्षांपूर्वीच कुणीतरी शिकवलं होतं. मला कुणी शिकवलं नाही. मी शिकवणारा निवडला तो रेडिओ दुरुस्त करणारा.

मग सुरू झालं शोधणं. रात्री जेवणं झाली की चष्मा नाकावर आणि वजनाचे रकाने. आधी कळलेली गोष्ट अशी की हे वाद्यच मुळी ओझं टाळायला जन्माला आलं. माणसापेक्षा उंच असा लाकडी डबल बेस गाडीच्या टपावर बांधून गावोगाव फिरणाऱ्या वादकांचे हाल बघून लिओ फेंडरनं १९५१ साली गिटारसारखा गळ्यात अडकवायचा, पट्ट्या मारलेला बेस काढला. वाद्य हलकं झालं. आणि मग त्याचा आवाज ऐकू यावा म्हणून शेजारी जे ठेवावं लागलं, ते दर दहा वर्षांनी जड होत गेलं. १९६० सालच्या ॲम्पेगच्या एका प्रसिद्ध ॲम्पच्या नावातच 'पोर्टा' होतं, म्हणजे सहज नेण्याजोगा. तो कुणी सहज नेला असेल तर त्याला माझा दंडवत. १९६९ मध्ये त्याच कंपनीनं ३०० वॅटचा, आठ स्पीकरच्या कपाटासह येणारा जो काढला, तो सगळा मिळून शंभर किलोच्या वर. टपावरचं ओझं उतरलं आणि डिकीत गेलं, एवढाच काय तो फरक.

वजन नेमकं कशात असतं, तेही मी आता त्या पोराला सांगू शकेन. तीन गोष्टींत. पहिला ट्रान्सफॉर्मर. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. पन्नासच खेपांत हौद भरायचा तर घागर मोठी लागते, म्हणून लोखंड आणि तांबं ढीगभर. नव्या ॲम्पमध्ये तीच वीज आधी सेकंदाला लाखभर हेलकाव्यांवर नेतात. लाख खेपा मारणाऱ्याला वाटीसुद्धा पुरते, त्यामुळं माझ्या मनगटाला खाली खेचणारा तो गोळा तिथं लिंबाएवढा होतो. दुसरी गोष्ट उष्णता. जुन्या पद्धतीचा ॲम्प म्हणजे कायम अर्धवट उघडा नळ, निम्मं पाणी वायाच जातं, ते उष्णता होऊन बाहेर पडतं आणि ती काढायला ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या लागतात. नव्या, क्लास-डी म्हणतात त्या प्रकारात नळ एक तर पूर्ण उघडा नाही तर पूर्ण बंद, आणि हे उघड-मीट सेकंदाला लाखो वेळा. वाया जातं ते जेमतेम दहावा हिस्सा. तिसरं लोहचुंबक. फेराइटच्या जाड चकतीऐवजी १९८०च्या दशकात सापडलेला निओडिमियमचा चुंबक, त्याच ताकदीला कितीतरी कमी वजनाचा. आणि पेटीला पातळ, हलकं प्लाय. एवढं सगळं जमलं की १२ इंची स्पीकर आणि १०० वॅटचा कॉम्बो, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत, दहा किलोत बसतो. माझ्या पेटीच्या एक तृतीयांश.

हे वाचताना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला राग आला, आणि कुणाचा ते कळेना.

कारण मास्तरांच्या वाक्याला पहिला तडा फार पूर्वी गेला होता आणि मी तिकडं काणाडोळा केला होता. मिरजेत. आमच्या गायिकेच्या तंबोऱ्याची जवारी काढायची होती, म्हणजे घोडी घासून आवाज मोकळा करून घ्यायचा होता, म्हणून तिच्यासोबत गेलो होतो. त्या गल्लीत एकेकाळी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांची घरं पिढ्यान् पिढ्या सतारी आणि तंबोरे करत आलीत. पंढरपूरकडून आलेले भोपळे छताला टांगलेले, भुश्शाचा वास, लाखेचा वास. कारागिरानं एक भोपळा खाली काढला, नखानं टिचकी मारली आणि माझ्या हातात दिला. मी दोन्ही हात पुढं केले होते, घागर झेलायला करतो तसे. तो इतका हलका होता की हात वर उडाले. तिथले सगळे हसले. मग शेजारी तयार असलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्यानं छेडली आणि खोली भरून गेली. भोपळा वाळकाच हवा, आतून जितका मोकळा तितका बोलतो, असं काहीसं तो म्हणाला. परत येताना बसमध्ये मी मनाशी वाद घालत होतो की तंबोऱ्याचं वेगळं, विजेच्या वाद्याचं वेगळं.

वाद अगदीच खोटा नव्हता. स्पीकरवाल्यांत हॉफमनचा लोखंडी नियम म्हणून एक आहे. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोडक्या वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच पदरात पडतात, तिसरं सोडावं लागतं. चुंबक हलका झाला, वीज स्वस्त झाली म्हणून हवेचा कायदा बदलत नाही. मोकळ्या ई तारेची कंपनं सेकंदाला ४१. तिची एक लाट आठ मीटरहून लांब, आमच्या घराच्या पुढच्या दारापासून मागच्या मोरीपर्यंत जाईल एवढी. ती लाट खोक्याएवढ्या पेटीतून पूर्ण ताकदीनं निघत नाही. गंमत अशी की ती मोठ्या पेटीतूनही फारशी निघत नव्हती. बहुतेक बेस ॲम्प त्या खालच्या सुरापर्यंत पोचायच्या आधीच दम सोडतात. आपल्याला ऐकू येतात ते त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे वरचे सूर, आणि त्यावरून मेंदू खालचा सूर स्वतःच जुळवतो. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर ढोल ओळखू येतो तो असाच. म्हणजे जो खर्ज मी जिने चढवत होतो, त्यातला बराचसा ऐकणाऱ्याच्या डोक्यातच होता. त्याला माझ्या मणक्याची गरज नव्हती.

हे कोल्हापुरात बोलायची सोय नाही. इथं बेस म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढं मिरवणुकीतला डॉल्बी येतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भिंत उभी करून छातीचा पिंजरा हलवणारा. त्याला मी कधी नावं ठेवली नाहीत, एकदोनदा पुढं नाचलोयसुद्धा, पण तो बेस म्हणजे धक्का आहे. गाण्यातला बेस धक्का देत नाही. तो असतो तेव्हा कुणाला कळत नाही, आणि मध्येच थांबला की नाचणारी माणसं उगीच एकमेकांकडे बघायला लागतात.

जूनमध्ये पुण्याला गेलो. आमच्याकडे गिटारी मिळतात, बेसचे ॲम्प चार ठेवून निवडू देणारं दुकान नाही. सकाळची एसटी, मांडीवर स्वतःचा बेस, कारण परक्या वाद्यावर ॲम्प पारखणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यानं स्थळ बघणं. दुकानातला मुलगा चांगला होता. त्यानं आधी स्वतः अंगठ्यानं फटके मारत असं काही वाजवलं की मला बेस परत पिशवीत घालावासा वाटला. मग मी बसलो आणि आमचं नेहमीचं, सा-प, सा-प, मध्येच एक चढण, असं वाजवायला लागलो. तो दोन मिनिटं थांबून म्हणाला, "सर, फीचर्स पण ट्राय करा ना."

दुकानात सगळेच ॲम्प गोड लागतात. लहान खोली, कोपऱ्यात भिंतीला टेकवलेली पेटी. कोपरा खालचे सूर फुकटात फुगवून देतो. म्हणून मी पेटी खोलीच्या मधोमध ओढायला लावली. मग खुर्चीवर ठेवायला लावली, मग त्या मुलाला माझा बेस वाजवायला देऊन दाराबाहेर जाऊन उभा राहिलो. आवाज पाऊण भागापर्यंत चढवून ई तार लांब धरायची आणि कागद फाटल्यासारखं काही येतं का ते ऐकायचं, हेही केलं. वॅटच्या आकड्यांनी मी फसलो नाही, कारण हिशेब ठेवणं ही माझी नोकरीच. वॅट दुप्पट केले की मिळतात अवघे ३ डेसिबल, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. शिवाय पेटीवरचा मोठा आकडा पुष्कळदा बाहेरून दुसरी पेटी जोडल्यावरचा असतो. फेंडरच्या रंबल ५०० चे ५०० वॅट तसेच, नुसत्या पोटातल्या दोन स्पीकरवर तो ३५० देतो. तोही सुरेख होता, पण साडेसोळा किलो. इटलीच्या मार्कबासचा पिवळ्या स्पीकरचा एक होता, तेरा किलोच्या आसपास, आणि त्याच्या आवाजात ती गोष्ट होती जिच्यासाठी माणसं कर्ज काढतात. किंमत बघून मी तो हळूच जागेवर ठेवला. उरला रंबल १००. साधा, थोडा बुजरा, खालच्या सुरांत फार खोल न जाणारा, पण स्पष्ट बोलणारा. मागच्या बाजूला साउंडवाल्याला वायर द्यायची सोय. उचलून बघितला. एका हातानं. मग दुसऱ्या हातानं. मग मी तो उगीचच दुकानभर फिरवला. मुलगा म्हणाला, सर, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, चालून बघतोय.

त्या मागच्या वायरीनंच मला खरं खजील केलं. मोठ्या मंडपात हल्ली साउंडवाला बेसचा आवाज थेट वायरीनं घेतो आणि स्वतःच्या पेट्यांतून सोडतो. गेली दहा-बारा वर्षं तरी असंच चाललंय. म्हणजे प्रेक्षकांपर्यंत जे पोचत होतं त्यात माझ्या लाल पायपिंगच्या पेटीचा वाटा नव्हताच. ती फक्त मला ऐकू यावं म्हणून होती. ३१ किलो ४०० ग्रॅम, एका माणसाच्या दोन कानांसाठी.

नवा घरी आणला त्या रात्री मी मुलीला कामाला लावलं. दोन्ही पेट्या पुढच्या खोलीत शेजारी, वरून चादर. मी वाजवणार, ती मधूनच वायर बदलणार, आणि बायकोनं स्वयंपाकघरातून सांगायचं की आत्ता कुठला. आधी ती म्हणाली, भाकरी करू दे. मग एक, दोन, तीन वेळा बदलून झालं. "मला दोन्ही सारखेच वाटतात," ती म्हणाली. मी पुन्हा वाजवलं, खालच्या पट्ट्यांवर, सावकाश. "सारखेच हो. तुमचं तेच ढुम् ढुम्." मुलगी चादरीआडून हसायला लागली. मला वाटलं होतं तेवढं हसू आलं नाही. नवा वाईट निघाला असता तर बरं, असं कुठंतरी मनात होतं की काय कोण जाणे. तीस वर्षांची कंबर फुकट गेली हे कुणाच्या तोंडून ऐकायचं नसतं, आणि तव्यावर भाकरी टाकता टाकता सांगितलेलं तर नाहीच.

मग ती परातीतलं पीठ हलवता हलवता म्हणाली, "एक आहे पण. एकानं भांडी वाजतात."

मी उठून आत गेलो. मुलीला म्हटलं, वाजव, कुठलीही तार, खालची. मांडणीवरच्या स्टीलच्या ताटल्या बारीक किणकिणल्या. वायर बदल. गप्प. पुन्हा जुना. पुन्हा किणकिण, आणि वाट्यांच्या रांगेतली शेवटची वाटी कणभर सरकली. म्हणजे काहीतरी होतं तिथं. कानापर्यंत न येणारं, डेसिबलच्या रकान्यात एका ओळीत संपणारं, पण वाटीला कळणारं, आणि केशवरावच्या फळीवर उभ्या असलेल्या पायांना कळायचं ते. मास्तर शंभर टक्के चूक नव्हते. फक्त त्या एवढ्याशा किणकिणीला एकवीस किलो पडत होते. हा भाव महाग की स्वस्त, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी नवा ठेवला, कारण मणका महिना मोजत नाही.

जुन्या पेटीचं काय करायचं हा प्रश्न पावसाळाभर लोंबकळला. दोघा-तिघा पोरांना विचारलं, फुकट देतो म्हटलं. ती येऊन बघून, उचलून, 'घरी विचारून सांगतो काका' म्हणून गेली. बायकोनं तिच्यावर मनीप्लांट ठेवला. एकदा भंगारवाला आला तेव्हा मी गंमत म्हणून विचारलं. त्यानं मागची फळी उघडायला लावली, टॉर्च मारला, वाकून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, "माल हाय की आत." ट्रान्सफॉर्मरचं तांबं दिसलं होतं त्याला. किलोवर भाव सांगितला, बरा सांगितला. मी फळी परत लावली. चारही स्क्रू आवळले. मनीप्लांट जागेवर ठेवला.

दिवाळीनंतर त्याच कार्यालयात पुन्हा कार्यक्रम लागला. तोच हॉल, तोच जिना. पाठीवर बेस, एका हातात ॲम्प, दुसऱ्या हातात वायरींची पिशवी. पहिल्या मजल्याच्या वळणावर मी सवयीनं थांबलो, दम लागलेला नव्हता तरी. मग चढून गेलो. स्टेज म्हणजे पोकळ फळ्यांचा तराफा, वर लाल गालिचा. जमिनीवर ठेवला तर तराफाच घुमतो आणि वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांना आवाज जातो, कानाला नाही. म्हणून कार्यालयाची घडीची लोखंडी खुर्ची घेतली, ॲम्प तिच्यावर चढवला. साउंड चेकला सगळं ठीक. पण एका ठरावीक सुरावर, पांढरी एकच्या सा वर, खुर्ची अशी चिर्रर वाजायची की ड्रमवाला काठ्या खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागला. खुर्ची बदलली. दुसरी रे वर वाजायला लागली. जुना ॲम्प असता तर त्याच्या ओझ्याखाली खुर्चीची काय बिशाद होती बोलायची. वर काहीतरी जड ठेवलं तर बसेल, असं म्हणत मी हॉलभर बघत होतो. पितळी समई, नको. फुलदाणी, नको.

दारात तोच पोरगा उभा होता, खांद्यावर पंचा, हातात लिंबांची टोपली. मिशी जरा दाट झालेली.

"काका, आज फ्रिज न्हाई आणला?"

"नाही. हा नवा. अरे, एखादी जड वस्तू मिळेल का, ह्याच्यावर ठेवायला? दहा-एक किलोची."

त्यानं ॲम्पकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं. काही न विचारता टोपली खाली ठेवून गेला आणि खालच्या मजल्यावरून खांद्यावर तांदळाची दहा किलोची पिशवी घेऊन आला. ॲम्पवर हलकेच टेकवली, तळहातानं थोपटून सपाट केली. मी सा वाजवला. खुर्ची गप्प. पुन्हा वाजवला. तो कान देऊन ऐकत होता.

"काम झालं की सांगा," टोपली उचलता उचलता तो म्हणाला. "आन् जपून उचला काका, ह्ये भरल्यालं हाय."